झोन आला, पुढे काय?

“मॅडम, झोन आला!”

जानेवारी-फेब्रुवारीच्या दिवसांत महाराष्ट्रातल्या कुठल्याही कॉलेजच्या मायक्रोबायॉलॉजी लॅबमध्ये सकाळी डोकावलं, तर हे वाक्य कानावर पडतंच. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टांची धांदल असते. आदल्या दिवशी लावलेल्या प्लेटा इनक्युबेटरमधून बाहेर निघतात. ३७ अंशांच्या उबेत जिवाणूंचा दुधाळ थर अगरभर पसरलेला असतो आणि त्यात पाडलेल्या बारीक भोकाभोवती एक स्वच्छ, पारदर्शक वर्तुळ उमटलेलं असतं. भोकात पेरूच्या पानांचा अर्क भरलेला असतो. वर्तुळाच्या आत जिवाणू वाढलेले नसतात. मुलगी प्लेट उजेडाकडे धरते, पालथी करून पट्टी लावते आणि मिलिमीटरचा आकडा वहीत उतरवते. हाच तिचा ‘झोन’. चौदा आला की चेहरा खुलतो, अठरा आला की शेजारच्या टेबलावरची मुलंसुद्धा बघायला येतात.

त्या शेजारच्या टेबलावर रंगाचा प्रयोग चाललेला असतो. डीपीपीएच नावाचं रसायन मिथेनॉलमध्ये विरघळवलं की गर्द जांभळं द्रावण होतं. याच्या रेणूतला एक इलेक्ट्रॉन जोडीविना असतो, म्हणून हा फ्री रॅडिकल. पानांच्या अर्काने आपल्याकडचा इलेक्ट्रॉन देऊ केला की जांभळा रंग उतरत उतरत पिवळ्यावर येतो. अर्धा तास अंधारात ठेवायचं आणि स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ५१७ नॅनोमीटरला रीडिंग घ्यायचं. रंग जितका उतरला, तितकी पानाची अँटिऑक्सिडंट शक्ती मोठी.

वनस्पतींच्या पानांवरचे किती शोधनिबंध या दोन चाचण्यांवर उभे आहेत, याची गणती करणं अवघड आहे. कडुनिंब, तुळस, अडुळसा, शेवगा, कढीपत्ता, निर्गुडी, टणटणी, एकही पाला सुटलेला नाही. बहुतेक निबंध एकाच ठिकाणी थांबतात: या पानांत जिवाणूरोधक आणि अँटिऑक्सिडंट गुण आढळले, पुढील संशोधनाची गरज आहे. ते पुढील संशोधन क्वचितच होतं. तेवढ्यात ‘विज्ञानाने सिद्ध’ असा शिक्का लागलेल्या रसाच्या बाटल्या आणि कॅप्सुलांचे डबे मात्र दुकानात येऊन पोचतात. पानांमध्ये खरोखर ताकद आहे, आणि ती ओळखण्याचं काम आपण झोनपाशी अर्धवट सोडतो, याची मला मनापासून खंत वाटते.

*

पानात ही ताकद येते कुठून, इथपासून सुरुवात करू.

झाडाला पळता येत नाही. बुरशी, जिवाणू, अळ्या, गुरं, सगळ्यांना तोंड द्यायचं ते जागेवर उभं राहून. त्यामुळे झाड रसायनं बनवतं: टॅनिन, अल्कलॉइड, टर्पीन, फ्लेव्होनॉइड. कोवळं पान तुरट लागतं आणि अडुळशाला बकरी तोंड लावत नाही, त्यामागे हीच रसायनं. दुसरं कारण उन्हाचं. पान दिवसभर प्रकाश शोषतं आणि त्याच पेशीत ऑक्सिजन तयार करतं. प्रखर प्रकाश आणि ऑक्सिजन एकत्र आले की विध्वंसक रेणू निर्माण होतातच. ते आवरायला पानात कॅरोटिनॉइड, क जीवनसत्त्व, ई जीवनसत्त्व आणि फिनॉल वर्गातली संयुगं भरलेली असतात. थोडक्यात, अँटिऑक्सिडंट पानाने स्वतःसाठी केलेले असतात. आपल्याला त्यांचा उपयोग व्हावा, असं काही झाडाच्या बाजूने ठरलेलं नाही. तो होतो का, हे प्रत्येक वेळी वेगळं तपासावं लागतं.

पानातून ही रसायनं बाहेर काढणं म्हणजे अर्क करणं. पाला धुऊन सावलीत वाळवतात, मिक्सरमध्ये दळतात, चाळतात. पूड सॉक्सलेटच्या नळीत भरतात. हे काचेचं उपकरण फ्रांट्स फॉन सॉक्सलेट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८७९ साली दुधातली चरबी मोजण्यासाठी काढलं. खाली द्रावक उकळतो, वाफ वर जाऊन थंड होते, थेंब थेंब पुडीवर पडतो, नळी भरली की आपोआप खाली रिती होते, आणि तासन्‌तास हेच चक्र चालू राहतं. द्रावक कोणता, यावर सगळं अवलंबून. हेक्झेन मेणं आणि तेलं ओढतो, मिथेनॉल फिनॉल भरभरून आणतो, पाण्यात टॅनिन आणि शर्करा उतरतात. एकाच झाडाच्या पानांचे तीन द्रावकांतले अर्क म्हणजे जवळजवळ तीन वेगळे पदार्थ. घरी आजी काढा करायची तो पाण्यात, लॅबमध्ये झोन येतो तो बहुधा मिथेनॉलच्या अर्काला. मग ‘आजीचा काढा शास्त्राने सिद्ध झाला’ असं कसं म्हणणार?

त्याआधीचा प्रश्न झाड कोणतं, हा. महाराष्ट्रात अनेक जण ज्याला ब्राह्मी म्हणतात ती असते मंडूकपर्णी. दुसऱ्या ठिकाणी ब्राह्मी म्हणजे पाणथळीतली जाड, बारीक पानांची वेगळीच वनस्पती. दोघींच्या रसायनांत मोठा फरक आहे. म्हणून चांगल्या अभ्यासात फांदी फुला-फळासह दाबून, वाळवून, कागदावर चिकटवून हर्बेरियममध्ये जमा करतात आणि तिचा क्रमांक निबंधात देतात. आपल्याकडे याची उत्तम सोय आहे: पुण्याला आघारकर संशोधन संस्था आणि बोटॅनिकल सर्व्हेचं पश्चिम विभागाचं हर्बेरियम, मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजमधलं ब्लॅटर हर्बेरियम. तरीही ‘पाने स्थानिक बाजारातून आणली’ एवढ्या एका ओळीवर निबंध छापून येतात. पाला नेमका कोणता होता हेच माहीत नसेल, तर पुढचा सारा खटाटोप कोणाच्या कामाचा?

*

आता झोनकडे वळू.

अर्क भोकातून अगरमध्ये झिरपतो तेव्हा वर्तुळ उमटतं. म्हणजे वर्तुळाचा आकार दोन गोष्टींवर ठरतो, रेणू जिवाणूला किती मारक आहे आणि तो अगरमधून किती लांब सरकतो. टॅनिनचे मोठाले रेणू हळू सरकतात, तेलकट रेणू पाणीदार अगरमध्ये शिरतच नाहीत. त्यांचा झोन लहान येतो आणि गुणी पान नापास होतं. उलट, भरपूर अर्क ओतला की साध्यासुध्या पानाचाही झोन येतो. म्हणून वर्तुळापेक्षा एमआयसी महत्त्वाची: जिवाणूची वाढ थांबवायला मिलिलिटरमागे कमीत कमी किती अर्क लागतो. ई. कोलायच्या संवेदनशील प्रमाण-वाणाला सिप्रोफ्लॉक्सासिन ०.०१६ मायक्रोग्रॅमच्या आतच थांबवतं. पानांच्या अर्कांचे आकडे बहुधा मिलिग्रॅममध्ये असतात, म्हणजे हजारो पटींनी जास्त. स्पेनमधल्या रिओस आणि रेसिओ या अभ्यासकांनी २००५ मध्येच लिहून ठेवलं होतं की मिलिलिटरला १ मिलिग्रॅमच्या वर अर्क वापरून केलेले प्रयोग टाळावेत. ते आजही सर्रास होतात.

हिशेब करून बघण्यासारखा आहे. एखादा अर्क मिलिलिटरला ५ मिलिग्रॅमला काम करतो असं धरू. माणसाच्या अंगात सुमारे ५ लिटर रक्त. तेवढी तीव्रता नुसत्या रक्तात आणायची तर २५ ग्रॅम अर्क, तोही सगळाच्या सगळा रक्तात पोचायला हवा. वाळलेल्या पाल्यातून दहा टक्के अर्क निघाला, तर हा पाव किलो वाळका पाला झाला. तो एका वेळी पोटात घालणं शक्य नाही, आणि घातला तरी आतडं त्यातलं फारच थोडं आत घेतं.

अँटिऑक्सिडंटची गोष्ट याहून नाजूक आहे. डीपीपीएच हा रेणू आपल्या शरीरात नाही. तो बाटलीत विकत मिळतो. अर्क त्याचा रंग उतरवतो याचा अर्थ अर्कात इलेक्ट्रॉन देणारी संयुगं आहेत, एवढाच. ही संयुगं पोटात गेल्यावर आतड्यातले जिवाणू आणि यकृत त्यांची मोडतोड करतात आणि रक्तात उरतं ते वेगळंच काही. अमेरिकेच्या कृषी खात्याने पदार्थांची अँटिऑक्सिडंट क्षमता देणारी मोठी सारणी इंटरनेटवर ठेवली होती. परीक्षानळीतल्या त्या आकड्यांचा माणसाच्या आरोग्याशी संबंध जोडता येत नाही आणि कंपन्या जाहिरातींत ते वाटेल तसे वापरतात, म्हणून खात्याने २०१२ मध्ये ती काढूनच टाकली.

त्याच्या खूप आधी फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर मोठी चाचणी झाली होती. काहींना बीटा-कॅरोटिन दिलं, पानांत आणि गाजरात असतं तेच. फुप्फुसाचा कॅन्सर घटेल ही अपेक्षा. १९९४ मध्ये निकाल आला तो उलटा: बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत हा कॅन्सर १८ टक्के जास्त निघाला. पालेभाजी खाणाऱ्यांची तब्येत चांगली राहते हे खरंच आहे. पण भाजीतला एक रेणू उचलून त्याची गोळी केली की तोच गुण मिळेल, हे गृहीतक त्या दिवशी कोसळलं.

आणखी एक गोष्ट लॅबमधल्या मुलांना अगदी सुरुवातीलाच सांगायला हवी. चहाच्या पानातल्या कॅटेचिनसारखी फिनॉल संयुगं जिवाणू वाढवायच्या माध्यमात घातली की आपोआप ऑक्सिडाइझ होतात आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात. जखम धुवायला वापरतात तेच. म्हणजे एका टेबलावर अँटिऑक्सिडंट म्हणून गाजलेला रेणू दुसऱ्या टेबलावर ऑक्सिडंट तयार करून जिवाणू मारत असू शकतो. पेरॉक्साइड फोडणारं कॅटलेज हे एन्झाइम घालून प्रयोग पुन्हा केला तर ते कळतं. एका दिवसाचं काम आहे.

*

पेरूच्या पानाकडे परत येऊ, कारण ते पुढपर्यंत नेलं कसं जातं याचं एक सुंदर उदाहरण आपल्याच मुंबईत आहे.

जुलाब लागले की पेरूचा कोवळा पाला चावायचा किंवा उकळून प्यायचा, हे खेडोपाडी ठाऊक आहे. वरळीची फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च ही संस्था डॉ. नोशीर अंटिया यांनी उभी केली. अंटिया प्लॅस्टिक सर्जन. कुष्ठरोग्यांचे हात-चेहरे दुरुस्त करता करता ते लोकांच्या आरोग्याच्या प्रश्नाकडे वळले. त्यांच्याच दुसऱ्या संस्थेने पुरंदर तालुक्यातल्या परिंचे खोऱ्यात गावच्या बायकांना हाताशी धरून आरोग्याचं काम केलं. अशा कामातून प्रश्न विचारायची पद्धत बदलते. वरळीच्या संस्थेतल्या तन्नाझ बिर्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेरूच्या पानांचा पाण्यातला काढाच घेतला, लोक घेतात तसा. आणि ‘जिवाणू मरतो का’ एवढ्यावर न थांबता जुलाब ज्या ज्या पायऱ्यांनी होतात ती प्रत्येक पायरी तपासली.

२०१० मध्ये छापलेले त्यांचे निष्कर्ष असे. काढ्याने कॉलऱ्याचे आणि आमांशाच्या शिगेलाचे जिवाणू रोखले. कॉलऱ्याचं विष आणि ई. कोलायचं त्याच्यासारखंच एक विष तयार होण्याचं प्रमाण घटवलं. ही विषं आतड्याच्या पेशींवरच्या जीएम-१ नावाच्या रेणूला चिकटतात तेव्हा पेशी पाणी सोडू लागते. ते चिकटणंही काढ्याने कमी केलं. ई. कोलायच्या दुसऱ्या, उष्णतेला दाद न देणाऱ्या विषावर मात्र काही परिणाम दिसला नाही, आणि तेही त्यांनी स्पष्ट नोंदवलं. काही जिवाणूंचं पेशींना चिकटणं थांबलं, काहींचं पेशींत घुसणं. मग त्यांनी पेरूच्या पानातलं प्रसिद्ध संयुग, क्वेर्सेटिन, वेगळं तपासलं. त्या मात्रेत त्याने जिवाणूही रोखले नाहीत आणि विषंही अडवली नाहीत, फक्त पेशींत घुसणं थोपवलं. म्हणजे काढ्याचं श्रेय त्या एका रेणूला देता येत नाही.

याच गटाने कच्च्या बेलफळाचा काढाही तपासला होता. त्याने जुलाबाचे जिवाणू मारलेच नाहीत, पण त्यांचं पेशींना चिकटणं आणि घुसणं घटवलं. प्लेटवर लावला असता तर शून्य झोन, आणि प्रोजेक्ट तिथेच बंद.

संपूर्ण अर्क आणि एकटा रेणू यांतला फरक २००० साली अमेरिकेत फार स्वच्छ दिसला. दारुहळदीच्या कुळातल्या झुडपांत बर्बेरिन असतं, जिवाणूंना मारक. पण स्टॅफायलोकॉकस ते आपल्या पेशीतल्या पंपाने बाहेर फेकतो. फ्रँक स्टर्मिट्झ, किम लुइस आणि सहकाऱ्यांना याच झुडपांच्या पानांत दुसरा एक रेणू मिळाला. तो स्वतः जिवाणूला काही करत नाही. तो हा पंपच बंद पाडतो. मग बर्बेरिन आत साठत जातं. अर्काचे भाग करत करत ‘सर्वांत सक्रिय’ रेणू शोधत गेलो, तर ही जोडी हमखास तुटते.

*

अडुळशाची गोष्ट प्रत्येक मराठी घरातून गेलेली आहे, पण पुरती सांगितली जात नाही. कुंपणाला लावलेलं, पांढऱ्या फुलांचं हे झुडूप खोकल्याचं औषध म्हणून किती जुनं, ते सांगायला नको. १८८८ मध्ये डेव्हिड हूपर यांनी त्याच्या पानांतून व्हॅसिसिन हे अल्कलॉइड वेगळं केलं. विसाव्या शतकाच्या साठच्या दशकात जर्मनीत त्या रेणूच्या धाग्याने जात ब्रोमहेक्झिन तयार झालं, आणि ब्रोमहेक्झिनचं शरीरात रूपांतर होऊन बनणारं ॲम्ब्रोक्सॉल पुढे स्वतंत्र औषध झालं. औषधाच्या दुकानातल्या कफ सिरपच्या बाटल्या फिरवून पाहा, ही दोन नावं सापडतील. आता ॲम्ब्रोक्सॉलच्या ब्रिटनमध्ये पार्किन्सनच्या रुग्णांवर चाचण्या चालू आहेत.

यात मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे: हे औषध घट्ट कफ पातळ करतं. खोकला हा त्रास डोळ्यांसमोर ठेवून पान तपासलं गेलं, म्हणून ते सापडलं. अडुळशाच्या झोनचे मिलिमीटर मोजत बसलो असतो, तर ही वाट दिसली नसती. याच पानाची दुसरी बाजू जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेने दाखवली: व्हॅसिसिन गर्भाशयाचं आकुंचन घडवून आणतं. गरोदरपणात अडुळसा टाळायचा, तो यासाठी.

चीनमध्ये टू यूयू यांनीही रोगापासूनच सुरुवात केली. मलेरियावर औषध शोधण्याच्या सरकारी मोहिमेत त्या १९६९ मध्ये आल्या, जुने ग्रंथ चाळले, शेकडो अर्क करून मलेरियाची लागण केलेल्या उंदरांवर तपासले. आर्टेमिसिया ॲनुआ या दवण्याच्या कुळातल्या झुडपाचा अर्क एकदा काम करी, एकदा नाही. चौथ्या शतकातल्या गे हाँग यांच्या ग्रंथात ही वनस्पती न उकळता, पाण्यात भिजवून पिळून घ्यायला सांगितली होती. त्यावरून टू यूयूंना वाटलं की उष्णतेने गुण जात असावा. त्यांनी सुमारे ३५ अंशांनाच उकळणारा ईथर वापरला. ऑक्टोबर १९७१ मध्ये १९१ क्रमांकाच्या नमुन्याने उंदरांतले मलेरियाचे सगळे परजीवी संपवले. पुढे कळलं की औषध पानांतच आहे, तेही फुलोऱ्याआधीच्या थोड्या काळात भरपूर, आणि बीजिंगच्या आसपासच्या झुडपांत कमी, सिच्वानमध्ये जास्त. २०१५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. लाखो जीव वाचवणारं हे आर्टेमिसिनिन परजीवीच्या पेशीतल्या लोहाशी भिडून फ्री रॅडिकल निर्माण करतं आणि त्याला मारतं. अँटिऑक्सिडंटच्या नेमकं उलट काम. आणि जागतिक आरोग्य संघटना या झुडपाचा चहा मलेरियावर घेऊ नका असंच सांगते, कारण मात्रा अपुरी पडते आणि परजीवी औषधाला सरावतो.

*

कोरोनाच्या काळात गुळवेलीचे काढे घरोघरी उकळले. २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या ६ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. नंतर देशातल्या अनेक रुग्णालयांच्या एकत्रित अभ्यासात असे ४३ रुग्ण आले. आयुष मंत्रालयाचा आक्षेप होता की वापरलेली वनस्पती खरी गुळवेल होती का, हे तपासलेलं नाही, तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात असू शकते. म्हणजे पुन्हा तोच हर्बेरियमचा प्रश्न, फक्त या वेळी माणसं आजारी पडलेली. ग्रीन टीचंही असंच. कपातला चहा निर्धोक. पण त्याच पानांच्या अर्काच्या गोळ्यांतून रोज ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी हे कॅटेचिन पोटात गेलं तर यकृतावर ताण दिसतो, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितलं.

त्याच ग्रीन टीच्या पानांचा अर्क २००६ मध्ये अमेरिकेत डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं वनस्पतिजन्य औषध म्हणून मंजूर झाला, त्या वर्गातला पहिलाच. १५ टक्क्यांचं मलम, विषाणूमुळे जननेंद्रियांवर येणाऱ्या चामखिळींसाठी. मलम जिथे लावायचं तिथेच काम करतं, रक्तातून प्रवास करायचा नाही. रोझमेरीच्या पानांचा अर्कही असाच योग्य जागी पोचला: तेल-तूप खवट होऊ नये म्हणून युरोपात ई-३९२ या क्रमांकाने तो अन्नात वापरायला परवानगी आहे. तिथे अँटिऑक्सिडंट हा शब्द शंभर टक्के खरा आहे. त्वचा, तोंड, जखमेची पट्टी, धान्याची कणगी, टिकाऊ खाद्यपदार्थ, इथे पानांच्या अर्काला मोठा वाव आहे, आणि कणगीत कडुनिंबाचा पाला घालणाऱ्या शेतकऱ्याला तो कधीपासून माहीत आहे.

गवती चहाने तर भलतीच दिशा दाखवली. २००४ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री आणि सहकाऱ्यांनी गवती चहाच्या पानांचं उकळलेलं पाणी सोन्याच्या क्षारात मिसळलं आणि सोन्याचे चपटे, त्रिकोणी नॅनोकण मिळवले. ‘नेचर मटेरियल्स’मध्ये ते छापून आलं. डीपीपीएचचा रंग उतरवणारी इलेक्ट्रॉन देण्याची शक्ती इथे सोनं घडवायला लागली. त्यानंतर जगभर शेकडो पानांपासून चांदीचे नॅनोकण करून त्यांचे झोन मोजले गेले. पण चांदी स्वतःच जिवाणू मारते, त्यामुळे त्यात पानाचा वाटा किती, हे वेगळं काढल्याशिवाय त्या झोनला माझ्या लेखी किंमत नाही.

*

एका विद्यार्थ्याच्या हातात सहा महिने असतात, थोडे पैसे असतात, कॉलेजात एक ऑटोक्लेव्ह आणि एक स्पेक्ट्रोफोटोमीटर असतो. एवढ्यात औषध होणार नाही, पण पक्की वीट घडू शकते. झाड एकच घ्यावं, त्याची फांदी हर्बेरियममध्ये जमा करावी. पाला ज्येष्ठात आणि मार्गशीर्षात वेगवेगळा तोडावा. लोक घेतात तसाच पाण्यातला काढा करावा आणि सोबत मिथेनॉलचा अर्क. जिवाणूंचे प्रमाण-वाण पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या सूक्ष्मजीव संग्रहातून मिळतात, ते आणावेत. एमआयसी काढावी, कॅटलेज घालून पुन्हा काढावी. आणि झोन आला नाही तर तेही छापावं. आज ते छापायला कोणी तयार नसतं, हा दोष मार्गदर्शकांचा आणि नियतकालिकांचा, मुलांचा नाही.

असं एकेक झाड तीस कॉलेजांनी वाटून घेतलं तर पाच वर्षांत एखाद्या पानाचा महाराष्ट्राचा नकाशा होईल. अडुळशापासूनच सुरुवात करता येईल. जव्हारपासून सावंतवाडीपर्यंत तो कुंपणांना उभा आहे. कोणत्या तालुक्यातल्या पानांत व्हॅसिसिन जास्त, पावसाळ्यानंतर ते वाढतं की घटतं, उन्हाळ्यात सावलीतल्या झुडपाचं काय होतं, हे मोजायला लागणारी काचसामग्री आपल्या कॉलेजांच्या कपाटांत आजही ठेवलेली आहे.